हवेतील अनधिकृत रहिवाशांस निष्कासनाची नोटीस

प्रति,
समस्त जिवाणू, विषाणू व बुरशीचे बीजाणू,
मुक्काम : मुंबई शहर व उपनगरांची हवा, जमिनीपासून ढगांपर्यंत.

विषय : विनापरवाना वास्तव्य तात्काळ थांबवून हवा रिकामी करून देण्याबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून, श्वास घेणाऱ्या समस्त नागरिकांच्या वतीने कळविण्यात येते की, शहराच्या हवेत सूक्ष्मजीवांचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सजीवांचा, एक अवाढव्य समुदाय कोणत्याही दस्तऐवजाविना राहत असल्याचे निदर्शनास आले आहे. नागरी भागातील एक घनमीटर हवेत साधारणतः दहा हजार ते दहा लाख जिवाणू पेशी आढळतात. तथापि या समुदायाने आजवर ना भाडे भरले, ना मालमत्ता कर, आणि कोणत्याही सोसायटीच्या नामफलकावर त्यातील एकाचेही नाव नाही. सबब त्यांस हवेतून निष्कासित का करण्यात येऊ नये, याची कारणे दाखविण्यास फर्मावण्यात येत आहे. नोटीस काढण्यापूर्वी प्रथेप्रमाणे कागदपत्रांची छाननी करण्यात आली असून तिचे निष्कर्ष, नाइलाजाने, खाली नमूद केले आहेत.

प्रथम प्रश्न पात्रतेचा. मुंबईत झोपडीधारकास मोफत पुनर्वसनाचे घर मिळण्यासाठी १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो, आणि खेदाने नमूद करावे लागते की सदर समुदायाकडे त्याहून बराच जुना पुरावा आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८६० मध्ये निर्जंतुक द्रवाने भरलेले सीलबंद चंबू वेगवेगळ्या उंचीवर उघडून पुन्हा बंद केले, तेव्हा जुरा पर्वताच्या पायथ्याशी २० पैकी ८, पर्वतावर २० पैकी ५ आणि आल्प्समधील हिमनदीजवळ २० पैकी केवळ १ चंबू नासला. पुढे पॅरिसच्या माँसुरी उद्यानातील वेधशाळेत पिएर मिकेल यांनी वर्षानुवर्षे हवेतील जिवाणू मोजले आणि उद्यानापेक्षा रिव्होली या रहदारीच्या रस्त्यावर त्यांची संख्या कितीतरी पटींनी अधिक असल्याचे दाखविले. उंच, स्वच्छ व निर्मनुष्य जागा टाकून जिथे माणसे दाटीने राहतात तिथेच बिऱ्हाड करण्याची ही प्रवृत्ती मुंबईकरांस अपरिचित नाही, त्यामुळे तीवर आक्षेप घेणे कठीण झाले आहे.

भारतातील पुरावा त्याहून अडचणीचा आहे. ब्रिटिश सरकारच्या सेवेतील वैद्यक डी. डी. कनिंगहॅम यांनी कलकत्त्याच्या तुरुंगांच्या आवारातील हवेतले कण चिकट काचपट्टीवर पकडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १८७३ च्या अहवालात असा निष्कर्ष नोंदविला की, हवेतील बीजाणूंची संख्या आणि पटकी, हगवण वा हिवताप यांचा प्रादुर्भाव यांत कोणताही संबंध आढळत नाही. दूषित हवेमुळेच साथी पसरतात असे मानण्याच्या त्या काळात हा निष्कर्ष म्हणजे सदर रहिवाशांना मिळालेला चारित्र्याचा सरकारी दाखलाच होय.

दुसरा प्रश्न गणनेचा. हवेतील बहुसंख्य सूक्ष्मजीव प्रयोगशाळेतील पोषक थाळीवर वाढतच नाहीत, म्हणून अलीकडे नमुन्यातील सर्व डीएनए एकत्रितपणे वाचून त्यातील जीव ओळखण्याची पद्धत, म्हणजे बहुजनुकसंच-विश्लेषण, वापरली जाते. बीजिंगमध्ये जानेवारी २०१३ मध्ये दाट धुरके पसरले असताना चिंगह्वा विद्यापीठाच्या संशोधकांनी सलग सात दिवस हवेचे नमुने घेतले आणि त्यांत १,३०० हून अधिक सूक्ष्मजीव-प्रजातींची ओळख पटविली. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी व मातीत राहणारे होते. मात्र न्यूमोनियास कारणीभूत होणारा जिवाणू, अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी आणि श्वसनमार्गास बाधणारा एक विषाणू यांच्याही खुणा सापडल्या, आणि प्रदूषण वाढले तसा अशा काही उपद्रवी मंडळींचा वाटाही वाढलेला दिसला. तथापि डीएनए जिवंत पेशीचा आहे की मेलेल्या, हे या पद्धतीने कळत नाही. मृतांची नावे यादीत कायम राहण्याच्या या दोषाबद्दल सूक्ष्मजीवांना वेगळा जाब विचारणे मतदारयाद्यांच्या देशात शोभणारे नाही.

तिसरा प्रश्न घराचा, आणि येथे छाननीस खरे वळण मिळते. उघड्या हवेत एकट्या जिवाणूचे जिणे सोपे नसते: ऊन त्याला सुकवते, सूर्याचे अतिनील किरण त्याच्या डीएनएची मोडतोड करतात आणि ओझोनसारखे वायू त्यालाही मारक ठरतात. परंतु धूलिकणाला चिकटलेल्या जिवाणूस आडोसा मिळतो, ओलावा मिळतो आणि कणावरील सेंद्रिय पदार्थांच्या रूपाने शिधाही मिळतो. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन वा त्याहून कमी व्यासाचे, केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे कण. जिवाणूची लांबी बहुधा एखादा मायक्रॉन असल्याने असा कण म्हणजे त्याच्यापुरती एक खोली होय, तर त्याहून मोठा कण म्हणजे अख्खी चाळ. या चाळी सूक्ष्मजीवांनी बांधलेल्या नाहीत. त्या बांधकामांनी, वाहनांनी, भट्ट्यांनी आणि उखडलेल्या रस्त्यांनी बांधून दिल्या आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने धूळ रोखण्यासाठी २७ मुद्द्यांच्या मार्गदर्शक सूचना काढून ७० मीटरपेक्षा उंच इमारतींभोवती ३५ फूट उंचीचे पत्रे उभारण्यास सांगितले. पत्र्याआड इमारत पडत व उठत राहिली की वरून नवी घरे निघतात, आणि त्यांचा ताबा घेण्यास भोगवटा प्रमाणपत्र लागत नाही.

पुरवठ्याची तपासणीही अशीच तक्रारदारांवर उलटली. उपरोल्लिखित अ‍ॅस्परजिलस बुरशी कुजणाऱ्या कचऱ्यावर वाढते आणि जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचे तिचे बीजाणू फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. देवनारचा कचरा तर १९२७ पासून साचतो आहे. सांडपाणी खळखळते तिथे त्याचे तुषार जिवाणूंना घेऊन उडतात. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ दीर्घकाळ श्वासात गेल्यास फुप्फुसांना अतिसंवेदनशीलतेचा दाह होऊ शकतो, आणि २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून जे रण माजले त्यावरून दाण्याची पोती कोण आणत होते हे जगजाहीर आहे.

शस्त्रास्त्रांबाबतचा आक्षेप सर्वांत गंभीर. स्वीडनमधील गोटेनबर्ग येथील संशोधकांनी २०१६ मध्ये बीजिंगच्या धुरक्यातील डीएनएच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांत प्रतिजैविकांना दाद न देण्याची क्षमता देणारी अनेक जनुके आढळली. इतर औषधे निष्प्रभ ठरल्यावर वापरण्यासाठी राखून ठेवलेल्या कार्बापेनेम गटासही रोध करणारी जनुके त्यांत होती. ही शस्त्रे चालविणारे जिवंत होते असे त्यावरून सिद्ध होत नाही. मात्र सर्दीसाठी चिठ्ठीविना प्रतिजैविक मागणारा, बरे वाटताच गोळ्या अर्ध्यावर सोडणारा आणि उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यास देणारा या शस्त्रांच्या कारखान्यात बिनपगारी राबतो, एवढे निश्चित.

अखेरची अडचण कायद्याची. देशाच्या २००९ च्या वायुगुणवत्ता मानकांत बारा प्रदूषकांची नावे आहेत. त्यांत धूलिकण आहेत, शिसे आहे, अमोनियाही आहे. परंतु धूलिकणावर कोण राहते, याचा रकाना नाही. मोजण्याचे साधन नव्हते असेही म्हणता येत नाही, कारण मराठवाडा विद्यापीठातील प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेतील बीजाणू पकडणारे स्वतःचे यंत्र १९७० च्या सुमारासच सिद्ध केले होते. ज्या रहिवाशांची नोंद नाही त्यांना बेदखल करता येत नाही आणि नोंद करावी तर आजवर का केली नाही, हे सांगावे लागते. सबब नोंद न करणेच प्रशासकीयदृष्ट्या सोयीचे ठरते.

छाननीअंती असे दिसून येते की, जमीन, निवारा, शिधा व शस्त्रे या चारही बाबींत सदर समुदायाचा पुरवठादार तक्रारदारच आहे. घरे काढून घेतली तर रहिवासी आपोआप कमी होतील, हा उपाय उपलब्ध आहे. परंतु तो घरे बांधणाऱ्याने करावयाचा असल्याने या नोटिशीच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे नोटीस केवळ शिष्टाचार म्हणून कायम ठेवण्यात येत आहे. तिच्या बजावणीसाठी पोस्टाचा खर्च करण्याचे कारण नाही. माणूस एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत घेतो, म्हणजे वरील हिशेबाने पाच ते पाचशे जिवाणू. तेव्हा ही नोटीस कोणीही भर रस्त्यात मोठ्याने वाचावी, दर पूर्णविरामाला ती आणखी काही जणांस त्यांच्या नव्या पत्त्यावर पोहोचलेली असेल.

कळावे,
श्वास घेणारे समस्त नागरिक