आरोंद्यात मिर्झापूरचा कोंबडा

लवकर उठण्याचा उपदेश करणाऱ्यांची महाराष्ट्रात कधीच टंचाई नव्हती. पूर्वी हे काम घरातले वडीलधारे करायचे, आता ते मोबाईलकडे आले आहे. संदेश पहाटे पावणेपाचला येऊन पडतो आणि सोबत उगवत्या सूर्याचे चित्र असते. त्या घटकेला खरा सूर्य कुठे असतो, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. ती सुरू करावी म्हणून सावंतवाडी तालुक्यातले आरोंदा उदाहरणाला घेऊ. गाव तेरेखोल खाडीच्या काठी आहे आणि समोरच्या काठावर गोव्याचा पेडणे तालुका. भारतीय प्रमाणवेळ ठरते ती 82 अंश 30 मिनिटे पूर्व रेखांशावरून, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या आसपास. आरोंदा पावणेचौऱ्याहत्तर अंशांच्या जवळ. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटे लागतात, त्या हिशेबाने आरोंदेकरांचा सूर्य मिर्झापूरच्या सूर्यापेक्षा सुमारे 35 मिनिटे मागे चालतो. घड्याळात सहा वाजले की आरोंद्यात सूर्याच्या लेखी पाच पंचवीसच झालेले असतात. तेव्हा साडेसहाला अंथरुणातून पाय खाली टाकणाऱ्या आरोंदेकराला ज्यांनी आजवर आळशी ठरवले, त्यांनी त्याची माफी मागावी. निदान पाच मिनिटे आधी उठल्याबद्दल शाबासकी तरी द्यावी.

यावर परंपरेचा दाखला येणार, हे गृहीत आहे. ब्राह्ममुहूर्तावर उठावे, असे पूर्वज सांगून गेले. सांगून गेले खरे, पण पूर्वजांच्या मनगटावर घड्याळ नव्हते. एक मुहूर्त 48 मिनिटांचा आणि ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाआधी दोन मुहूर्त सुरू होतो, म्हणजे त्याची नाळ सूर्योदयाशी आहे, चारच्या गजराशी नाही. जानेवारीत आरोंद्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. त्यातून 96 मिनिटे वजा केली तर ब्राह्ममुहूर्त साडेपाचच्या सुमारास लागतो आणि सव्वासहापर्यंत चालतो. सहाला उठणारा आरोंदेकर शास्त्राने सांगितल्याप्रमाणे ऐन मुहूर्तावर उठतो. चारला उठून स्वतःचे छायाचित्र पाठवणारा मात्र शास्त्राच्या दृष्टीने अपरात्री भटकतो. तिकडे आसामात जूनमध्ये साडेचारच्या आसपास उजाडते आणि चहाच्या मळ्यांनी आपली घड्याळे प्रमाणवेळेच्या तासभर पुढे ठेवण्याची रीत पाडली. ‘चायबागान टाइम’ म्हणतात त्याला. त्यांना कोणी देशद्रोही म्हटल्याचे ऐकिवात नाही. घड्याळ पुढे ढकलणारा उद्यमी आणि मागे ओढणारा ऐदी, असा आपला न्याय.

आपल्याच मुंबईला एकेकाळी मागे राहण्याची लाज वाटत नव्हती. 1 जानेवारी 1906 ला प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्या 39 मिनिटे मागे होती. ही वाढीव 39 मिनिटे आपल्याच झोपेतून कापली जाणार, हे गिरणी कामगारांनी ताबडतोब ओळखले आणि त्याच महिन्यात काहींनी काम बंद पाडले. फिरोजशहा मेहतांसारखे नगरपिते वेगळ्या कारणांनी का होईना, त्याच बाजूला होते. मुंबईची वेळ पुढे 1955 पर्यंत तग धरून राहिली. जवळपास अर्धे शतक या शहरात ‘किती वाजले?’ या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे होती आणि तरीही मुंबई देशातले सगळ्यात कामसू शहर म्हणून मिरवत होती. आरोंद्यासमोरची गोष्ट तर याहून गमतीची. 1911 मध्ये पोर्तुगालने आपल्या वसाहतींच्या वेळा ठरवल्या आणि पोर्तुगीज हिंदुस्थानला ग्रिनिचच्या पाच तास पुढे बसवले. आरोंद्याची खरी सूर्यवेळ ग्रिनिचच्या चार तास पंचावन्न मिनिटे पुढे आहे. म्हणजे लिस्बनमध्ये बसलेल्या परक्या अंमलदारांनी पलीकडच्या काठाला जे घड्याळ दिले, ते या काठाच्या सूर्याशी पाच मिनिटांच्या फरकाने जुळत होते. स्वराज्याने तो फरक 35 मिनिटांवर नेला. अर्थात म्हणून पोर्तुगीजांना परत बोलवा, असे कोणी सुचवत नाही.

एक आक्षेप मात्र वजनाचा आहे. गावागावाने आपापली वेळ पाळायची ठरवली तर सावंतवाडीला गाडी कधी येणार आणि कधी सुटणार? बरोबर आहे. रेल्वेला आणि बँकेला एकच घड्याळ लागते, आणि त्यासाठी देशभर एक वेळ असणे सोयीचे आहे. पण ही झाली सोय. सोयीसाठी ठरवलेला आकडा एकदा भिंतीवर लटकला की त्याला चारित्र्याचे प्रमाणपत्र कोणी आणि कधी बनवले? मोटार रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवावी, हाही नियमच आहे, पण डावीकडून जाणारा माणूस उजवीकडून जाणाऱ्या फ्रेंच माणसापेक्षा सुशील असतो, असे आपण म्हणत नाही. गाडी पकडायची असेल तर वेळेवर उठावे, गाडी नसेल तेव्हा तरी आकड्याची पूजा करू नये.

दुसरा आक्षेप खाडीतूनच येईल: मासे मारणारा बघा, अंधारात उठतो! उठतो, पण रोज नाही. त्याचा मालक भरती-सुकती आहे आणि भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. आज पहाटे चारला पाण्यात उतरणारा माणूस आठवड्याभराने त्याच पाण्यासाठी सकाळी दहाच्या सुमारास उतरेल. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या बाईला पाणी ओसरल्याशिवाय चिखलात पाय घालता येत नाही, मग ती पाचला उठून करणार काय? खाडीकाठचा माणूस आकाशात आणि पाण्यात वेळ बघून उठतो, आणि रोज वेगळ्या वेळी उठूनही त्याचे कधी चुकत नाही. पुण्या-मुंबईच्या शिस्तप्रिय मंडळींना ही शिस्त दिसत नाही, कारण ती गजरात बसत नाही. जत्रेच्या हंगामात तर पंचाईतच होते. दशावतार रात्री उशिरा उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो. त्या सकाळी सूर्योदयाला अख्खा गाव जागा असतो. लवकर उठणाऱ्यांच्या यादीत त्यांना घालायचे की झोपलेच नाहीत म्हणून गाळायचे, याचा निकाल उपदेशकांनीच द्यावा.

या सगळ्या उपदेशाचा सर्वात गाजलेला प्रचारक बेंजामिन फ्रँकलिन. लवकर निजून लवकर उठण्याचे वचन जगभर पोचले ते त्याच्या पंचांगातून. पण त्याच फ्रँकलिनने 1784 मध्ये पॅरिसच्या वृत्तपत्राला एक खट्याळ पत्र लिहिले. सूर्य उगवताक्षणीच उजेड देतो, असा आपल्याला शोध लागल्याचे त्याने त्यात जाहीर केले आणि पॅरिसकरांना उठवण्यासाठी गल्लोगल्ली तोफा डागाव्यात, अशी सूचना केली. त्याच्या वचनाचे भाषांतर झाले आणि ते शाळांच्या भिंतींवर गेले. पत्राचे मात्र कोणी मनावर घेतले नाही. उठण्याच्या उपदेशातला विनोद वाटेत गळतो आणि तोफ तेवढी उरते.

खरी गोम उठण्यात नाहीच, निजण्यात आहे, आणि त्याची चौकशी कोणी करत नाही. पश्चिमेकडे सूर्य जसा उशिरा उगवतो तसा मावळतोही उशिरा. आरोंद्यात जूनअखेर सूर्य सातनंतर बुडतो. त्या वेळी कॉर्नेल विद्यापीठात असलेल्या मौलिक जगनानी या अर्थतज्ज्ञाने भारतातल्या मुलांची झोप तपासली, तेव्हा त्याला दिसले की सूर्यास्त तासभर पुढे गेला तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते. कारण अंधार उशिरा पडतो, मुले उशिरा निजतात आणि शाळेची घंटा मात्र वाट पाहत नाही. महाराष्ट्रात हा विषय डिसेंबर 2023 मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी काढला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये शासन निर्णय निघाला: चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. निर्णय चांगलाच आहे. अडचण एवढीच की लहान मूल घरात सगळ्यांच्या आधी आपोआप उठून बसते, आणि शरीराचे घड्याळ उशिराकडे सरकते ते वयात येताना. म्हणून तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका, असे सांगितले. आपण सवलत दिली ती जे जागेच असतात त्यांना, आणि ज्यांना उठवावे लागते त्यांच्यासाठी सातची घंटा ठेवली. पाचवीत गेल्यावर मुलाला झोपेची गरज उरत नाही, असे शासनाला कोणी कळवले, हे त्या निर्णयावरून समजत नाही.