चलस्रवणमीमांसा

स्थिर नळाविषयी मानवजातीने पुरेसे चिंतन केले आहे. इंग्लंडातील रॉदरहॅम येथील गेस्ट अँड क्राइम्स या पितळकारांनी १८४५ मध्ये आट्यांवर फिरून मिटणाऱ्या तोटीचे एकस्व मिळवले, तेव्हाच भिंतीतील नळ हा विषय तत्त्वतः प्रौढ झाला. परंतु जी तोटी स्वतःच प्रवासाला निघते, तिची गळती हे सर्वस्वी पृथक् शास्त्र होय. त्याची उपेक्षा कोणत्या कारणाने झाली, हे प्रस्तुत लेखकास उमगलेले नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, तेव्हा चाकांवरची न्हाणी ही या भूमीला अपरिचित वस्तू आहे असा समज पसरला. तो अग्राह्य आहे. मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून संत मुक्ताबाईंची पालखी ज्येष्ठात पंढरपूरकडे प्रस्थान ठेवते. मानाच्या सात पालख्यांपैकी ही एक. ती ५०० किलोमीटरांहून अधिक वाट महिन्याभराहून जास्त काळ चालते. तिच्या दिंड्यांमागून जाणारा ट्रक, त्यावरची काळी प्लास्टिकची टाकी, टाकीच्या बुडाशी बसवलेली अर्धा इंची तोटी आणि मुक्कामी ताडपत्री ताणून केलेला आडोसा, एवढ्या सामग्रीत चल न्हाणीची सर्व लक्षणे पूर्ण होतात.

आता व्याख्या. ज्या जलपात्राचे अधिष्ठान मार्गस्थ आहे, त्याच्या मुखातून इच्छेवाचून होणारे जलविसर्जन म्हणजे चलस्रवण. ‘मार्गस्थ’ या पदाने ग्रामपंचायतीचा नळ वगळला जातो; ‘इच्छेवाचून’ या पदाने तांब्या भरणारा मनुष्य वगळला जातो. येथे पूर्वपक्ष असा की, रात्री मुक्कामी ट्रक उभा असतो आणि तोटी तर मुख्यतः रात्रीच गळताना ऐकू येते. मग हे स्रवण चल कसे? उत्तर असे की, दिवसा गचक्यांनी जे शैथिल्य आट्यांत संचित होते, त्याचाच रात्री विपाक होतो. कर्म दिवसाचे, फळ रात्रीचे.

स्रवणाचे मान निश्चित करणे अगत्याचे आहे. वैद्यकात एका मिलिलिटरचे २० थेंब धरतात. सेकंदास एक थेंब या मंदगतीने अहोरात्रात ८६,४०० थेंब, म्हणजे सुमारे सव्वाचार लिटर पाणी गळते. महिन्याभराच्या वाटेवर १३० लिटर. याचा अर्थ असा की, प्रत्येक दिंडीबरोबर एक अदृश्य वारकरी रोज चार तांबे पाण्याने स्नान करीत पंढरपूरपर्यंत येतो आणि त्याचे नाव कोणत्याही यादीत नसते.

चलस्रवणाचे प्रकार चार.

पहिला, शैथिल्यजन्य. हाच सर्वांत समृद्ध. टाकी प्लास्टिकची, तोटी पितळेची, आणि दोहोंमधला निपल लोखंडी. उन्हाने प्लास्टिक लोखंडाच्या कैक पटींनी प्रसरण पावते. खानदेशातला उन्हाळा ४५ अंशांवर जातो, आणि ज्येष्ठातही तो पूर्ण निवृत्त झालेला नसतो. त्यात मलकापूर सोडून बुलढाण्याकडे जाताना राजूरचा घाट लागतो. घाटात ट्रकचे तोंड वर होते, पाणी मागच्या भिंतीवर चढते आणि मागची तोटी, जी सपाटीवर सज्जन होती, ती अकस्मात अधिक दाबाखाली येते. द्रवाचा दाब केवळ उंचीवर अवलंबून असतो, हे तत्त्व शाळेत शिकवतात. परंतु त्याचा साक्षात्कार घाटात मागे बसलेल्या माणसाच्या पायजम्याला होतो.

या शैथिल्याच्या निवारणार्थ चार मार्ग उत्पन्न झाले आहेत. सुतळीमार्ग सर्वांत प्राचीन. सुतळीचे तंतू आट्यांवर गुंडाळून त्यांवर सफेदा लावणे हा त्याचा विधी. फीतमार्ग अर्वाचीन असून त्याचे मूळद्रव्य १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांच्या हाती अमेरिकेत अनपेक्षितपणे लागले, तेच टेफ्लॉन. लेपमार्गी एम-सील मळतात आणि ते वाळेपर्यंत कोणासही टाकीजवळ येऊ देत नाहीत. रबरमार्गी सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी ताणून बांधतात आणि ग्रंथांना मानीत नाहीत.

सुतळी आणि फीत यांतील वाद वरकरणी द्रव्याचा वाटतो. वस्तुतः तो दिशेचा आहे. तोटी कसत असता ती पूर्ण घट्ट होण्याचा क्षण आणि तिचे मुख जमिनीकडे असण्याचा क्षण हे दोन क्षण एक येतीलच असा निसर्गाचा करार नाही. बहुधा ती घट्ट होते तेव्हा मुख आडवे असते, किंवा सरळ आकाशाकडे. सुतळीमार्गी अशा वेळी तोटी किंचित मागे फिरवून मुख खाली आणतो, आणि फुगलेला तंतू सांध्यात टिकून राहतो. फीतमार्गीयास ही मुभा नाही; मागे फिरवलेली फीत आट्यांत चुरगळते आणि गळती पूर्ववत होते. त्याला सर्व उकलून नव्याने गुंडाळावे लागते, तेही कसण्याच्याच दिशेने, अन्यथा कसतानाच फीत सुटून येते. आकाशाभिमुख तोटी घेऊन निघालेली दिंडी दुर्मीळ नाही. तिच्यातून पाणी कारंज्यासारखे उडते आणि त्याखाली तांब्या उलटा धरावा की सुलटा, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

लेपमार्गाविषयी आमचे मत कठोर आहे. घरात तो शोभतो. परंतु वाटेवर टाकी एका लयीत हालते आणि नळी दुसऱ्या लयीत, त्यामुळे दोहोंमध्ये दगडासारखा कठीण झालेला लेप बारीक तडकतो. नेमकी हीच गत लांब, ताठ, आधारावाचून लोंबणाऱ्या पीव्हीसी नळीची होते. ती सांध्याच्या मुळाशीच मोडते. टाकी आणि तोटी यांमध्ये हातभर लवचिक रबरी नळी घालून दोन्ही टोकांना क्लिपा कसाव्यात आणि तोटी टाकीला न टांगता ट्रकच्या लाकडी फळीला बांधावी, म्हणजे गचके नळी सोसते, आटे सोसत नाहीत. अशिक्षित मानला गेलेला रबरमार्ग तत्त्वतः या सिद्धान्ताच्या सर्वांत निकट आहे, हे नमूद करताना विद्वत्तेला यातना होतात.

येथेच परिमाणाचा एक प्रश्न उपस्थित होतो. ज्या तोटीस सर्व दुकानदार अर्धा इंची म्हणतात, तिच्या आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर भरतो, म्हणजे पाऊण इंचाहूनही अधिक. पट्टी घेऊन दुकानात गेलेला जिज्ञासू म्हणूनच नेहमी चुकीची वस्तू आणतो, आणि ‘अर्धा इंची द्या’ एवढेच म्हणणारा अज्ञ योग्य वस्तू घेऊन येतो. इंचाला १४ आटे, हे प्रमाण मात्र खरे आहे. पण ते कोणी मोजत नाही.

दुसरा प्रकार वायसरजन्य. रबराचा वायसर झिजतो त्याहून अधिक चेपला जातो. तोटी गळते म्हणून मनुष्य बळ लावून कसतो. बळाने वायसर चेपतो. चेपला म्हणून गळते. गळते म्हणून अधिक बळ. यास बलचक्र म्हणावे. पाव फेऱ्यात मिटणारी गोल कुडीची तोटी वायसराविना चालते खरी, परंतु टँकरच्या पाण्यातील वाळू तिच्या आतल्या गोळीवर ओरखडे काढते. त्यावर उपाय नवी तोटी हाच.

तिसरा, अवरोधजन्य, म्हणजे स्रवणाचा अत्यंताभाव. पाणी आहे, तोटी उघडी आहे, धार नाही. याचे पूर्वोदाहरण जळगाव जिल्ह्याशी निगडित आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. तेथील शिलालेख १२०७ च्या सुमाराचा. त्याच भास्कराचार्यांविषयीची आख्यायिका फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी अनुवादातून प्रसिद्ध झाली: लीलावतीच्या अलंकारातला मोती घटिकापात्राच्या छिद्रात पडला, पाणी थांबले आणि मुहूर्त टळला. कथेचे ऐतिहासिकत्व सिद्ध नाही, पण निदान निर्दोष आहे. मोत्याच्या जागी आज शेवाळ, क्षाराचा पापुद्रा किंवा मागच्या मुक्कामातले कडुलिंबाचे पान असते.

तथापि मिथ्यावरोध वेगळा ओळखावा. गचक्यांनी पाणी हिंदकळू नये म्हणून एखादा दक्ष सेवेकरी टाकीचे झाकण फिरवून घट्ट लावतो. थोडे पाणी गेल्यावर आत हवा शिरण्यास वाट उरत नाही, आत दाब घटतो आणि धार आटते. मग तोटी उकलली जाते, नळी फुंकली जाते, टाकी बडवली जाते. तोवर कोणीतरी पाणी किती उरले ते पाहण्यासाठी झाकण उघडतो, आणि धार सुरू होते. श्रेय बडवणाऱ्यास मिळते.

चौथा, माउलीजन्य. पाय धुऊन तोटी तशीच सोडून भजनाकडे गेलेल्या वारकऱ्यामुळे होणारा. त्याने उघडले स्वेच्छेने, पण न मिटण्यामागे इच्छा नव्हती. म्हणून हा व्याख्येत बसतो. उपाय दोन शब्दांचा: ‘माउली, तोटी!’

राहिला उपकरणविचार. पाना कोठे ठेवावा? अनुभव असा की पाना पुढच्या ट्रकमध्ये असतो आणि गळती मागच्या. म्हणून एका संप्रदायाने पाना टाकीच्या पायालाच तारेने घट्ट बांधून ठेवण्याचे सुचवले. हे साधू. परंतु तार सोडवण्यास पक्कड लागते, आणि पक्कड कोठे ठेवावी हा प्रश्न उद्भवतो. पक्कड तारेने बांधावी, तर त्या तारेस दुसरी पक्कड. नैयायिक ज्यास अनवस्था म्हणतात तो हा दोष. तो वाटेवर अंबड ते गेवराई दरम्यान अनेकदा सिद्ध होतो. त्यावर परिहार एवढाच की पाना सुतळीने बांधावा, कारण सुतळी हाताने सुटते. सुतळीमार्गीयांनी यात आपला विजय पाहिला असून फीतमार्गीयांनी अद्याप उत्तर दिलेले नाही.