मुलीसाठी महिला कॉलेज कसे निवडावे : नवशिक्या बापांसाठी

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, तेव्हा घरदार तेंदूपत्त्याला जंगलात गेलेले असते. त्यामुळे पोरगी पास झाली म्हणून लगेच काही ठरवावे लागत नाही. पण जून उजाडतोच. घाबरू नका. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कितीतरी बापांनी हे काम निभावले आहे, आणि पोरीला काय शिकायचे होते हे त्यातल्या अनेकांना अजून माहीत नाही.

१. आधी कंपाउंडची भिंत पाहा. ग्रंथालय आणि प्रयोगशाळा आत असतात, सोयरिकीला येणाऱ्यांना त्या दिसत नाहीत. भिंत रस्त्यावरून दिसते. फाटकावर चौकीदार कोण, हे खोदून विचारा. किती प्राध्यापक कायम आणि किती तासिका तत्त्वावर, हे विचारून प्राचार्यांना मात्र अवघडवू नका. त्यांनाही संसार आहे.

२. मग एसटीचे वेळापत्रक मिळवा. कॉलेज खरे तर तेच निवडते. सकाळच्या फेरीने जाऊन दुपारच्या फेरीने परतता आले, की कॉलेज चांगले. शेवटची बस सुटल्यावर जो विषय शिकवतात, तो मुलींना झेपत नाही असे धरून चाला. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेचा पास फुकट होता, पुढे पैसे पडतात. सरकारलाही आता पुरे वाटते, असा याचा सोयीस्कर अर्थ काढा. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, त्यामुळे खर्चाची सबब थोडी लंगडी पडली. 'बसच येत नाही' ही मात्र अजून ठणठणीत आहे.

भामरागडकरांची तर मोठीच सोय. प्रवेशाच्या दिवसांतच पर्लकोटा नदीला पूर येतो, आणि पुराशी कोण वाद घालणार? सिरोंच्याच्या बापाने नुसता नकाशा पुढे करावा. जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरच्या घरात आहे, पुढे बोलावे लागत नाही. नदी, नकाशा यांतले काहीच हाताशी नसेल, तर धानाची रोवणी आहेच. जुलैत बांधीत माणूस कमी पडतो आणि तो माणूस नेमकी पोरगीच असते.

३. विषय गृहअर्थशास्त्र. तिला फिजिक्स हवे असेल तर प्रेमाने समजवा, ओरडू नका. गृहअर्थशास्त्राचे प्रॅक्टिकल ती चुलीपुढे केव्हाच पास झाली आहे, ते वाया का घालवायचे?

४. वसतिगृहाची चौकशी करताना फक्त दार किती वाजता बंद होते ते विचारा. आदिवासी वसतिगृहात नंबर लागला नाही, तर दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात, असे कोणी सांगेल. मान डोलवा आणि अर्जाची तारीख जाऊ द्या.

५. जुलै २०२४ मध्ये शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. ही बातमी घरात मोठ्याने वाचू नका. पोरगी इंजिनिअरिंगचे नाव काढील, आणि 'पैसे नाहीत' हे इतकी वर्षे जपलेले उत्तर एका दिवसात बाद होईल.

६. महर्षी कर्व्यांचे नाव तोंडी असू द्या, चारचौघांत शोभते. १९१६ साली त्यांनी पाच विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ सुरू केले. त्याच एसएनडीटीचे केंद्र आता बल्लारपूरला आले आहे. 'फक्त मुलींचे' एवढे ऐकताच हो म्हणा, काय शिकवतात ते सवडीने वाचा. बाईने स्वतःच्या पायावर उभे राहावे, यासाठी अण्णा कर्वे दारोदार देणग्या मागत फिरले. तुम्हाला नुसते पोरे नसलेले आवार हवे आहे. दोघांचेही काम एकाच इमारतीत भागते, फक्त पोरगी अण्णांच्या बाजूला गेली नाही ना, यावर लक्ष ठेवा.

७. स्थळे पाहायला आजच लागा. बीएच्या दुसऱ्या वर्षाला असलेली पोरगी बायोडाटात फार चांगली दिसते. तिसरे वर्ष 'सासरी जाऊन पूर्ण करेल' असे सांगायची पद्धत आहे. केले का, हे नंतर विचारायची पद्धत नाही.

८. प्रवेशाच्या दिवशी मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला, आधार आणि बँकेचे पासबुक घ्या. झेरॉक्स जास्तीच्या काढा. पोरीलाही सोबत न्या. फॉर्मवर फोटो आणि सही तिचीच लागते.