वर्धा जिल्ह्याचे आठवड्याचे हवामान

वर्धा जिल्ह्यातल्या कोणत्याही गावाचा पावसाळ्यातला आठवड्याचा अंदाज एका वाक्यात मावतो : तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह हलका ते मध्यम पाऊस. कारंज्याच्या संत्राबागेला तेच वाक्य, समुद्रपूरच्या पऱ्हाटीलाही तेच. सोबतच्या नकाशात अख्खा जिल्हा पिवळा असतो.

हा अंदाज चुकत नाही. तुरळक ठिकाणी म्हणजे पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. बाकीच्या ७५ टक्क्यांत ढेकळे फुटेनात, तरी अंदाज बरोबरच. इथे ठिकाण म्हणजे गाव नव्हे, वावर तर नव्हेच. ठिकाण म्हणजे पर्जन्यमापक.

अंदाजाला जोडून कृषी सल्ला येतो. पावसाची उघडीप पाहून फवारणी करावी, असे त्यात हमखास असते. उघडीप केव्हा मिळेल हे सांगणे सल्ल्यात बसत नाही. ती शेतकऱ्याने आभाळाकडे पाहून ठरवायची, म्हणजे सल्ला येण्यापूर्वी तो जे करीत होता तेच करायचे. जूनमधला सल्ला असतो, ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. तो १०० मि.मी. महसूल मंडळाच्या गावी होतो, सोयाबीन नाल्यापलीकडच्या कोरड्या वावरात पडते आणि दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर येते. पंचांगवाले बरे : नक्षत्राचे वाहन बेडूक की म्हैस एवढे सांगून मोकळे होतात, बेडकाला टक्केवारी लावत नाहीत.

पर्जन्यमापकाची खरी सत्ता मात्र पाऊस पडून गेल्यावर कळते. महसूल मंडळात गावे पुष्कळ, यंत्र बहुधा एकच, आणि सरकारदरबारी पाऊस फक्त त्या यंत्रात पडतो. २४ तासांत ६५ मि.मी. नोंदला गेला की अतिवृष्टी. ६४ भरला तर शास्त्राप्रमाणे तो 'मध्यम' पाऊस. मग धुरा फुटून वरची माती थेट वेणा नदीत का गेली असेना, ती मध्यम प्रमाणातच गेली असे समजायचे. ज्याच्या वावरात गुडघाभर पाणी उभे आहे त्याने भरपाईसाठी मंडळाचा आकडा विचारत फिरावे, हा कुठला न्याय? पाणी दिसत नाही का कुणाला? आणि पाऊस न पडण्याचाही हिशेब त्याच यंत्राकडे. २०२३ च्या खरिपात पीकविम्याची आगाऊ रक्कम मिळायला पावसाचा सलग २१ दिवसांचा खंड लागत होता, आणि दिवसाला अडीच मि.मी. पाऊस पडला की खंड तुटला. त्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला, सोयाबीनची फुले गळाली. अशा वेळी विसाव्या दिवशी यंत्रावरून एखादा चुकार ढग गेला आणि तीन मि.मी. सांडून गेला, की मोजणी पुन्हा एकपासून! त्या तीन मि.मी.ने वावरातली धूळही बसत नाही, पण विमा कंपनीचा सगळा हंगाम हिरवा होतो. शेतकऱ्याने मग ढगाला विनवायचे ते येण्यासाठी की न येण्यासाठी?

२०२५ च्या खरिपात खंडाचा हा निकषच काढून टाकण्यात आला. भरपाई आता पीक कापणी प्रयोगातल्या उत्पादनावर ठरते, त्यामुळे पाऊस पडला की नाही हा प्रश्न विम्यापुरता मिटला आहे.