अर्थिंग आप्पा

आप्पांना गाडीचा रंग दिसायच्या आधी तिचा रोग दिसतो. रोग एकच. अर्थिंग.

पिंपळनेरच्या बसस्थानकाजवळ कुणाची गाडी दोन मिनिटं जास्त थांबली की आप्पा हजर. बॉनेट अजून उघडायचं असतं. "काय व्हयनं भो? अर्थिंग दखा पहिले!" सेल्फ लागत नाही, अर्थिंग. दिवे मिणमिणतात, अर्थिंग. एकाच्या गाडीतलं पेट्रोलच संपलं होतं, काटा मात्र अर्ध्यावर उभा. आम्ही सगळे खो खो हसलो. आप्पा शांतपणे म्हणाले, "काटाले बी अर्थिंग लागस." आणि पंचाईत अशी, की ते खरंच लागतं.

हा माणूस हरतच नाही, हे माझं मूळ दुखणं. वीज मंडळात वायरमन म्हणून आयुष्य काढल्यावर त्यांना जगात दोनच गोष्टी उरल्या आहेत: करंट आणि अर्थिंग. करंट सगळ्यांना दिसतो, परतीची वाट कुणी बघत नाही, असं ते म्हणतात. गुडघा दुखतो? चपला काढून मातीवर चाला. जावई रुसला? अर्थिंग तुटलं. उपबाजारात कांदा गडगडला की दिल्लीला अर्थिंग नाही. २००५ साली मंडळाचे तुकडे होऊन महावितरण वगैरे कंपन्या झाल्या, तेव्हाही म्हणे तेच तुटलं. लग्नात माइक कुईं करू लागला की नवरदेवाच्या आधी आप्पा स्टेजवर.

त्यांच्या खिशात घरी बनवलेला टेस्ट लॅम्प असतो: बारा व्होल्टचा बल्ब, दोन वायरी, एक चिमटा. मीटरवर विश्वास नाही. कुजलेल्या वायरचा एक धागा शिल्लक असला तरी मीटर ऐटीत बारा व्होल्ट दाखवतो; बल्बचा भार पडला की तीच वायर मान टाकते. हे त्यांचं म्हणणं पुस्तकातही बरोबर आहे. म्हणून अजून राग येतो.

माझी गाडी २००२ ची. ताहाराबादहून येताना भर उन्हात शेलबारी घाटात बंद पडली. एरवी चावी फिरवली की मागच्या सीटखालून टाकीतला पंप दोनेक सेकंद घूंऽऽ करतो, पेट्रोलला दाब देतो आणि इंजिन फिरेपर्यंत गप्प बसतो. त्या दिवशी मागे सामसूम. फोनवर एका मेकॅनिकने गाडी न बघताच पंप गेल्याचं जाहीर केलं आणि खर्चाचा आकडाही सांगितला. मग नाइलाजाने आप्पांना फोन.

आप्पांची लुना घाट चढून आली, हे आजही पटत नाही. उतरल्या उतरल्या, "अर्थिंग!" डिकीतली सतरंजी उचलून त्यांनी बॉडीवरचा अर्थिंगचा बोल्ट सोडवला, काचकागदाने घासून चकचकीत केला, पुन्हा आवळला. काहीच नाही. मला आतून जरा बरं वाटलं. पंपाच्या कपलरला लॅम्प लावला, पेटला नाही. आप्पांनी पंपाला करंट सोडणारा रिले उपटला आणि ३० व ८७ या दोन खाचा वायरच्या तुकड्याने जोडल्या. पंप घूंऽऽ. म्हणजे पंप शाबूत, वायर शाबूत, अर्थिंगही शाबूत.

"आप्पा, हरलात!"

ते रिलेचं झाकण स्क्रू ड्रायव्हरने काढत होते. आत एका पायाभोवती सोल्डरला केसाएवढी गोल भेग. थंड असताना टेकते, तापली की सुटते. म्हणून गाडी भर उन्हात रुसली. पंपाच्या रिलेची कॉइल ओढायला गाडीचा कॉम्प्युटर तिची एक बाजू अर्थला जोडतो. आप्पांनी रिले माझ्या नाकासमोर धरला. "हाऊ पाय कोनना शे? अर्थिंगना!"

वायरिंगची आकृती पाहिली. होता.

वायरच्या तुकड्यावर आम्ही गावात आलो. हा उपाय घरी पोचण्यापुरताच. इंजिन बंद पडलं तरी पंप चालूच राहतो, अपघातात ते जिवावर बेतेल. लुना माझ्या मागे होती, अगदी दारापर्यंत. पैसे पुढे केले तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी हात खिशात घातला. चहासुद्धा अर्धाच घेतला.

आता बसस्थानकाजवळ त्यांना काम कमी आहे. नवी गाडी बंद पडली की पोरं स्कॅनर लावतात, तो कोड सांगतो. लॅम्प काढला तर "आप्पा, हात लावू नका, कॉम्प्युटर जळेल" म्हणतात. खरं आहे त्यांचं. साधा बल्ब नाजूक सर्किटला झेपण्याहून जास्त करंट ओढू शकतो. आप्पा लॅम्प खिशात ठेवतात, पण गाडी सुरू होईपर्यंत हलत नाहीत. तेवढं स्कॅनर करत नाही.

तुमची जुनी गाडी या बाजूला बंद पडली, तर पंप बदलायच्या आधी रिले तपासा. आणि शेजारी कुणी "अर्थिंग" म्हणालं तर हो म्हणून मोकळे व्हा. वाद घालाल, तर सटाण्याची शेवटची एसटी जाईल.