एका हिसक्यात

कोल्हापुरात बुलेटवाल्यांच्या तीन-चार जाती गुण्यागोविंदानं नांदतात. एक, सायलेन्सर बदलून रात्री साडेअकराला राजारामपुरीची झोप मोडणारी. दुसरी, एमएच 09 च्या पुढं 4141 नंबर मिळवून पेंटरकडनं त्याचं ‘दादा’ करून घेणारी. तिसरी, वडलांची उजव्या पायात गिअर असलेली जुनी गाडी खंडेनवमीला पुसून, हार घालून पुन्हा झाकून ठेवणारी. यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. चौथ्या जातीकडं मात्र कुणाचं लक्ष जात नाही, कारण ही जात आवाज करत नाही आणि कट मारत नाही. खरं म्हणजे ती फारशी गाडीच चालवत नाही. रविवारी सकाळी दारात गाडी डबल स्टँडवर लावलेली असते आणि मागच्या चाकाशेजारी हा इसम तेरा नंबरचा पाना घेऊन उकिडवा बसलेला असतो.

प्रत्येक गल्लीत असा एक असतोच. आपण त्याला बापू म्हणू. वय पंचेचाळिशीच्या आसपास, नोकरी पतसंस्थेत, पोट सुटलेलं, गॉगल कपाळावर. बापूंना लेहला जायचंय. कधी जायचंय हे विचारू नये; कसं जायचंय ते विचारावं. खारदुंग ला खिंडीच्या पाटीवर 18,380 फूट असं वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं, पण खरी उंची 17,582 च्या आसपास भरते, यावर ते रंकाळ्याच्या कट्ट्यावर असे तावातावानं बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, मधले आठशे फूट यांच्याच खिशातनं गेलेत. आणि लेहला जायचं म्हणजे सामान आलं, सामान म्हणजे बॅगा आल्या. बापूंचा प्रवास आजवर इथपर्यंत झालेला आहे.

बॅग दोरीनं बांधणाऱ्याला बापू माणसात धरत नाहीत. हुकाची लवचिक दोरी वापरणाऱ्याकडं ते करुणेनं बघतात. पट्ट्यांनी सीटखालून आवळायच्या बॅगा त्यांनी एक वर्ष वापरल्या, म्हणजे विकत घेतल्या. त्यानंतर त्यांना हार्ले-डेव्हिडसनवाल्यांची तऱ्हा कळली. त्यांच्या गाडीच्या मागच्या अंगाला दोन्ही बाजूंनी छोट्या गुंड्या कायमच्या बसवलेल्या असतात. बॅगेच्या पाठीमागच्या पत्र्याला खाचा असतात. पुढची खाच गुंडीत सरकवायची, मागची वरून बसवायची, आतली मूठ अर्धा फेरा फिरवली की बॅग गाडीचाच अवयव होते. काढताना मूठ उलटी फिरवून हिसका द्यायचा. गाडीवर मागं फक्त गुंड्या उरतात, त्याही दिसतील न दिसतील अशा. “एका हिसक्यात निघाली पायजे,” हे वाक्य बापू तेव्हापासून बोलू लागले आणि घरच्यांनी मुकाट्यानं उसासा टाकला.

आता हेच कुठल्या दुसऱ्या गावात घडलं असतं तर माणसानं पार्सल मागवलं असतं. कोल्हापूरकराला वस्तू मिळते याचा आनंद नाही, ती आपल्याकडं करून मिळते याचा आहे. बाबूराव पेंटरांनी विलायती कॅमेऱ्यावाचून न अडता तो इथंच बनवला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्या गावाला चार गुंड्यांचं काय अवघड? बापू उद्यमनगरात गेले. शिवाजी उद्यमनगरातली एकेक बोळ म्हणजे मापं आणि लोखंडाचा कीस. पुढं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून देशभरच्या गाड्यांना कास्टिंग जातं, तिथं एका बुलेटच्या बॅगेसाठी लेथ अडवून धरायला जिगर लागते. बापूंकडं ती आहे. त्यांनी एसएस 304 चा रॉड वजन करून घेतला, चहा सांगितला आणि मिस्त्रींसमोर कागदावर काढलेलं चित्र ठेवलं. मिस्त्रींनी ते आधी उलटं धरलं, मग सुलटं, मग बाजूला ठेवून गाडीच बघायला मागितली.

गुंडी झाली सुबक. आत दहा एमएमचे आटे पाडलेले. बापूंनी तोवर हार्डवेअरच्या दुकानातनं दहाचे बोल्ट आधीच आणलेले, स्टेनलेसचे, चकचकीत. मिस्त्रींनी एक हातानं फिरवून बघितला.

“बापू, ह्यो ह्यात जायचा न्हाई. आटं येगळं हायत.”

“जातोय की. दोन फेरं गेला बघा.”

“दोन फेरं कुणीबी जातंय. म्होरं अडकतंय.”

दहाच्या बोल्टला दीडचे आटे असतात तसे सव्वाचेही असतात, ही गोष्ट बापूंना त्या दिवशी कळली आणि दुसऱ्या दिवशी ती त्यांनी पतसंस्थेतल्या शिपायासकट सगळ्यांना समजावून सांगितली. मग लांबीचा घोळ निघाला. गुंडी मध्ये आली की मूळचा बोल्ट तेवढा आखूड पडतो. नट चढतो, पण दोन-तीन आट्यांवर. बापूंचं म्हणणं, चढलाय ना. मिस्त्रींचं म्हणणं, नट पुरा भरून वर एखादा आटा दिसल्याशिवाय मी ही गाडी इथनं हलू देणार नाही, तुम्ही घाटात जाणार. ‘घाटात जाणार’ या शब्दांनी बापू विरघळले. लांब बोल्ट आले, नायलॉनची कडी असलेले नट आले, स्प्रिंगवायसर आले. बॅग लावल्यावर मागचा इंडिकेटर तिच्याआड गेला म्हणून इंडिकेटर सरकवायची पट्टी आली. उजवीकडं सायलेन्सरच्या उष्णतेनं बॅगेचं बूड भाजायला लागलं म्हणून पत्रा आला. एकेक वस्तू दुसरीला पाहुणी म्हणून बोलावत राहिली.

डाव्या बाजूला खरी लढाई झाली, कारण तिथं साडी गार्ड होतं. बापूंनी ते काढायचा घाट घातला आणि वहिनी बाहेर आल्या.

“गार्ड काढलासा तर मी के.एम.टी.नं येतो.”

आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, त्यात पुरुषी काही नाही. निर्णय मात्र असतो. बापूंनी सौंदर्यशास्त्र काढलं. पण कायदा वहिनींच्या बाजूनं निघाला. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो की मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं तरी चाक झाकलेलं असलं पाहिजे. शेवटी मिस्त्रींनी गार्ड न हलवता गुंड्या बाहेर काढणारा एक घोडा वेल्ड करून दिला. त्यामुळं डावी बॅग उजवीपेक्षा दोन बोटं बाहेर आली. मागून बघितलं की गाडी एका कानानं काहीतरी ऐकत असल्यासारखी दिसते.

आणि मग प्रयोग सुरू झाले. प्रयोग शक्यतो मिसळीच्या दुकानासमोर होतात, कारण तिथं रांगेतल्या लोकांना दुसरं काम नसतं. बापू गाडी लावतात, हेल्मेट काढतात, इकडं-तिकडं बघतात आणि खटकन मूठ फिरवून बॅग काढतात. बघणारा एखादा निघतोच. त्यानं “आयला, भारी हाय की” म्हटलं की बापू ती परत लावून दाखवतात. पुन्हा काढतात. आत काय असतं? टॉवेल, पंक्चरचं किट, पान्यांची थैली आणि पावसासाठी बॅगेचाच रेनकोट. निव्वळ खोगीरभरती. पण वजन असल्याशिवाय हिसक्याला वजन येत नाही.

अडचण एवढीच की मालकाच्या एका हिसक्यात निघणारी बॅग चोराच्याही एकाच हिसक्यात निघते. हे महाद्वार रोडला गाडी लावताना बापूंच्या ध्यानात आलं. त्या दिवशी ते दोन खांद्यांना दोन बॅगा, एका हातात हेल्मेट, दुसऱ्यात जॅकेट अशा अवतारात अंबाबाईच्या दर्शनाला निघाले. चप्पल स्टँडवरच्या मावशींनी चपला घेतल्या आणि बॅगांकडं बघून विचारलं, “गावाला निघालासा व्हय?” त्यानंतर मुठीला कुलूप आलं. कुलपाच्या पत्र्यावर भरवसा नाही म्हणून आतनं साखळी आली, साखळीला वेगळं कुलूप. आता बॅग काढायची तर आधी चाव्यांचा जुडगा, मग बापूंचा चष्मा शोधावा लागतो. वहिनी तेवढ्यात मंडईतनं भाजी आणून, निवडून टाकतात.

मोठी सफर एकदा झालीच, गगनबावड्याची. कळ्याच्या पुढं पावसानं गाठलं म्हणून बापू टपरीवर थांबले. शेजारी एक गवळी उभा. त्याच्या गाडीला दोन्ही अंगाला अँगलची चौकट, त्याला सळी वाकवून केलेले आकडे आणि आकड्यांना चाळीस-चाळीस लिटरचे दोन कॅन कानाला धरून लटकवलेले. चहाचा पेला टेकवून तो उठला, गुडघा लावून एक कॅन उचलला, खाली ठेवला, मांडीनं गाडी तोलून दुसरा उतरवला, आलेल्या टेम्पोत दोन्ही चढवले आणि रिकामे दोन आकड्यांना अडकवून पुन्हा चहाकडं आला. चहा अजून निवला नव्हता. बापूंनी आकडा हलवून बघितला.

“प्ले लई हाय ह्यात.”

“हलतंय थोडं. दूध काय तक्रार करत न्हाई,” गवळी म्हणाला. मग बापूंच्या बॅगेवर टिचकी मारून त्यानं विचारलं, “किती लिटर?”

“बावीस. दोन्ही मिळून चव्वेचाळीस.”

“मग ह्यात काय न्हेता?”

बापूंनी टॉवेलचा उल्लेख टाळला. घरी येऊन मात्र त्यांनी त्या आकड्याचं चित्र काढलं, कोन मोजून. त्यांच्या मते कल्पना मूळची चांगली आहे, फिनिशिंग नाही. मला या माणसाचा हाच भाग आवडतो. गवळ्याला हसून पुढं जाणारे पुष्कळ असतात. बापू त्याच्या सळीला मनातल्या मनात पावडर कोटिंग करून बघतात.

परवा त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून गुंडीत घातली, खडखड बंद व्हावी म्हणून. उजवी गप्प झाली. प्राडानं 2025 मध्ये कोल्हापुरी चप्पल मिलानला नेल्यापासून त्यांच्या डोक्यात अख्खी बॅगच चप्पल लाइनीतल्या कारागिराकडनं चामड्याची शिवून घ्यायचं आहे. गगनबावड्याच्या पावसात ती भिजली की उचलायला दोन माणसं लागतील, असं मी म्हणालो. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

“पण बापू, लेहला कधी?” न राहवून मी विचारलंच.

ते पाना पुसत होते. “ह्या जूनला पक्कं होतं,” ते म्हणाले, “पण डावीकडं अजून दीड एमएम हलतंय. तेवढं काढतो आणि निघतोच.”