ऋतुचर्या : लातूर-नांदेडसाठी सुधारित आवृत्ती

बदलत्या ऋतूंमध्ये आपल्या जगण्याचा अर्थ शोधावा, असे हल्ली सगळीकडे सांगतात. पहाटे उठावे, कोवळे ऊन अंगावर घ्यावे, पानगळ न्याहाळावी, मनात येईल ते वहीत टिपावे. सापडलेला अर्थ अगदी वैयक्तिक असावा, दुसऱ्याचा उसना नसावा, अशीही अट असते. हे सांगणारी मंडळी सहसा पुण्याच्या अलीकडे येत नाहीत. त्यामुळे मराठवाड्यात या सूचना जशाच्या तशा लागू पडत नाहीत. एप्रिलात नांदेडला ऊन कोवळे असते ते जेमतेम पंधरा-वीस मिनिटे; तेवढ्यात अर्थ सापडला तर सापडला, नाहीतर आत येऊन पंखा लावावा. ही उणीव दूर करण्यासाठी सदर मार्गदर्शिका इच्छुकांच्या सेवेत सादर आहे. इच्छुकाला सोयीसाठी पुढे साधक म्हटले आहे.

साहित्य : एक वही, एक पेन, चपलांचा जुना जोड आणि ज्याच्या नावावर सातबारा आहे असा निदान एक ओळखीचा माणूस. शेवटचे साहित्य मार्गशीर्षापर्यंत लागत नाही, पण आधीपासून धरून ठेवलेले बरे.

सुरुवात उन्हाळ्यापासून करावी. इतरत्र हा ऋतू पळस फुलला की कळतो, इथे कूलर माळ्यावरून खाली आला की. जुने गवत उपसताना वर्षभराची धूळ नाकात जाते, मोटर फिरत नाही आणि घरातल्या तीन पिढ्या एकाच वेळी सूचना देत असतात. हा क्षण साधकाने पूर्ण जागरूकतेने अनुभवावा, कारण शॉक लागण्याचा संभव असतो. पुढचा प्रश्न, कूलरमध्ये पाणी कुठले घालायचे? नळ आठ-दहा दिवसांनी येणे लातूरच्या अंगवळणी पडलेले आहे. म्हणून 'वर्तमानात जगा' हा उपदेश लातूरकराला करू नये. वर्तमानात जगणाऱ्याची टाकी कोरडी राहते. लातूरची गृहिणी नेहमी पुढच्या गुरुवारात जगते.

पाण्याच्या सान्निध्यात एकटे बसावे, असेही मूळ सल्ल्यात आहे. याबाबतीत लातूर देशाच्या पुढे होते. मार्च २०१६ मध्ये पाणवठ्यांभोवती पाचापेक्षा जास्त माणसांनी जमू नये म्हणून प्रशासनाने कलम १४४ लावले. एकांताची सोय सरकारी आदेशाने झाली. पाणी तेवढे नव्हते. ते १२ एप्रिलला रेल्वेने आले. मिरजेहून निघालेल्या त्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत साधारण पाच लाख लिटर पाणी होते. पुढे गाडी पन्नास वाघिणींची झाली. उसने नको ही अट इथेच मोडते. गाडीचे पाणी मिरजेचे, आणि एरवीचे ज्या मांजरा धरणातून येते ते धरण धनेगावला, म्हणजे बीड जिल्ह्यात. शेजाऱ्याच्या जिल्ह्यात ज्याचे पाणी राहते, त्याने वैयक्तिक म्हणून नेमके काय शोधायचे?

मे महिन्यातला पहिला रविवार हा लातूरचा आणखी एक ऋतू आहे. त्या दिवशी बहुधा 'नीट'ची परीक्षा असते. साधकाने घराबाहेर पडू नये आणि कोणाच्याही आईला काही विचारू नये.

मग मिरीग, म्हणजे मृग नक्षत्र. ७ जूनच्या सुमारास पंचांग उघडून नक्षत्राचे वाहन पाहावे. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला तर चेहरे खुलतात; कोल्हा निघाला तर पंचांगकर्त्याला नावे ठेवतात आणि हवामान खात्याकडे वळतात. तिथेही समाधान झाले नाही तर पुन्हा पंचांग. पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा हे साधकाने पाठ करावे, म्हणजे पारावर अब्रू राहते.

पहिली सर पडून गेली की बांधाच्या कडेला मिरगाचा किडा निघतो. लालभडक, मखमली, तुरीच्या दाण्याएवढा. बोट लावले की पाय पोटाशी घेऊन मेल्याचे सोंग घेतो. हात न लावता थांबले तर आधी एक पाय बाहेर काढतो, अंदाज घेतो, मग बाकीचे, आणि ओल्या काळ्या मातीवरून पुन्हा चालू लागतो. मूळ सल्ल्यात ज्याला क्षण म्हणतात तो बहुधा हाच. साधक उकिडवा बसून वही उघडतो तोच मागून आवाज येतो, "काय हारवलं हो?" काही नाही म्हटले तरी उपयोग होत नाही. चार माणसे जमतात, पाचवा भर दिवसा मोबाईलची बॅटरी लावतो आणि साधकाची न हरवलेली वस्तू अर्धा तास शोधली जाते.

अनवाणी चालून मातीशी नाते जोडण्याचा प्रयोगही याच दिवसांतला. सोयाबीनच्या वावरात जुलैत दहा पावले टाकावीत. नाते पहिल्याच पावलाला जडते. पाचव्या पावलाला प्रत्येक पायाला दोन-दोन किलो माती असते आणि सातव्याला ती पाय सोडत नाही. चप्पल घालून गेल्यास एक वावरातच राहते. जुना जोड सांगितला होता तो यासाठी.

या दिवसांत पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून फोन येतो, त्यातले पहिले वाक्य ठरलेले : "पाऊस कसाय तिकडं?" साधकाने हा औपचारिक प्रश्न समजून "छान वातावरण आहे" असे उत्तर देऊ नये. विचारणाऱ्याला पेरणी साधली का, दुबार करावी लागेल का, सोसायटीचे कर्ज आणि बहिणीचे लग्न हे सगळे त्या एका प्रश्नात विचारायचे असते. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की नांदेड गोदावरीच्या पुलावर पाणी बघायला जाते. कठड्याला टेकून सगळे एकाच दिशेला पाहत असतात आणि पाणी कुठवर चढणार ते शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत असतात. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातली गावे रात्रीतून पाण्यात गेली, माणसे गेली, जनावरे गेली. अशा वेळी वही बंद करून ठेवावी. तिथे कोणी क्षण टिपायला आलेले चालत नाही. चिखल काढायला आलेले चालते.

दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन आडतीवर येते आणि भाव लातूरचा काय फुटला याकडे दूरदूरचे कान लागतात. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, ओलावा १२ टक्क्यांच्या आत. यंत्र येण्याआधी ओलावा तपासायचे काम दात करायचे, आणि अजूनही करतात. शेतकरी दाणा चावतो, कट्‌ आवाज येतो, तो समाधानाने बघतो. व्यापारी त्याच ढिगातला दाणा चावतो आणि त्याला तो ओला लागतो. शरद ऋतूचा अर्थ व्यक्तिसापेक्ष असतो तो असा.

आता सातबारावाला माणूस. मार्गशीर्ष अमावस्येला येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते, सगळे वावरात जेवायला जातात, बाजारपेठ ओस पडते आणि सकाळी अकरानंतर शहरात दिसणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहिले जाते. "कुणाकडं जायलाव येळवशीला?" याला "घरीच आहे" हे उत्तर चालत नाही. एकांतात हिवाळा अनुभवायचा आहे, असे साधक सांगू लागतो तोवर तो कोणाच्या तरी स्कूटीवर मागे बसलेला असतो आणि मांडीवर भज्जीचे गरम पातेले असते. वावरात कडब्याची कोप, आत चुन्याने रंगवलेले दगडांचे पाच पांडव. पूजा झाली की पंगत : ओल्या तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे दाणे बेसन-चिंचेत शिजवलेली ती भज्जी, बाजरीचे उंडे, आणि ताक व ज्वारीच्या पिठाची आंबलेली अंबिल. अंबिलीच्या तिसऱ्या पेल्यानंतर साधक आंब्याखाली आडवा होतो. हे ध्यान नैसर्गिकरीत्या लागते, प्रशिक्षकाची गरज नसते. उठल्यावर मालक त्याला हरभरा दाखवतो, बोअर किती फुटांवर गेले ते सांगतो आणि सख्ख्या भावाशी बांधावरून चाललेली केस सुरुवातीपासून समजावतो. साधकाला केसवर मत द्यावेच लागते.

इतके करूनही काहीतरी वैयक्तिक हवेच असेल, तर येळवशीच्या आदल्या दिवशी लोहा तालुक्यातले माळेगाव गाठावे. खंडोबाची पालखी त्या दिवशी निघते आणि घोडे, गाढवे, उंट, कुत्री यांचा बाजार भरतो. जनावराचा भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरवायची जुनी रीत आहे. बघणाऱ्याला आकडा कळत नाही. साधकाने तिथे हात घालण्याआधी कोणते बोट किती हजारांचे ते विचारून घ्यावे. दबले गेल्यावर घोडा न्यावाच लागतो, आणि स्कूटीवर तो बसत नाही.